फोटो ‘काढणं’ म्हणजे नेमकं काय करणं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी चांगला कॅमेरा घेतला. ॲपर्चर, शटर, आयएसओ हा उजेडाचा सगळा हिशेब आता हाताला बसलाय. कासचं पठार झालं, दिवे घाटातली वारी झाली, रायगडावरचा सूर्योदय झाला. फोटो स्वच्छ येतात, लोक छान म्हणतात. पण दहा जणांच्या फोटोंत मिसळले तर आपले कुठले हे तुमचं तुम्हालाच ओळखता येत नाही. छायाचित्रकाराची नजर म्हणतात ती शिकून येते, की उपजतच असावी लागते? आणि शेवटी तुम्ही जोडलेला प्रश्न: नंतर कॉम्प्युटरवर उजेड, अंधार आणि रंग बदलणं ही फसवणूक नाही का?

मी गेली तीसेक वर्षं फोटो काढते आहे. सुरुवात कोल्हापुरात मामांच्या स्टुडिओत झाली. पासपोर्ट, बारशी, साखरपुडे, लग्नं. पुढे मासिकांसाठी काम केलं आणि मग हळूहळू स्वतःसाठी. नजर शिकता येते, असं मी ठामपणे सांगते. माझ्याकडे ती नव्हती, आणि मी शिकले.

आधी एका शब्दाकडे लक्ष द्या. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. चित्र काढतो, रांगोळी काढतो, तसाच फोटो काढतो. पण विहिरीतून पाणीही काढतो आणि पायातला काटाही काढतो. रेखणं, आत असलेलं वर आणणं आणि नको ते बाजूला करणं, या तिन्ही कामांना आपल्याकडे एकच क्रियापद आहे. फोटोग्राफीबद्दल मला याहून नेमकं काही सांगता येणार नाही. तुम्हाला रेखणं येऊ लागलंय. पाणी आणि काटा अजून बाकी आहेत.

मला हे कसं कळलं ते सांगते. स्टुडिओत दहा-बारा वर्षं काढल्यावर एका मासिकाने गुऱ्हाळावर चित्रमालिका मागितली. नुकताच पहिला डिजिटल कॅमेरा घेतला होता. पन्हाळ्याच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकऱ्याचं गुऱ्हाळघर होतं, तिथे पहाटे साडेपाचला पोचले. चुलवाणात चिपाडांचा जाळ धडधडत होता, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस उकळत होता, वाफ पत्र्यापर्यंत चढून खाली वळत होती. एक जण लांब दांड्याच्या झाऱ्याने वर आलेली मळी बाजूला करत होता. मी रुंद दृश्य घेणारी वाइड लेन्स लावली आणि जे दिसेल ते घेत सुटले. जाळ, वाफ, पत्र्याच्या भोकांतून पडणारे कवडसे, गुळाच्या ढेपा, दारात बसलेलं कुत्रं. सकाळभरात चारशे फोटो झाले.

संध्याकाळी मामांनी ते सगळे एकेक करून पाहिले. घाई नाही, बोलणं नाही. शेवटी म्हणाले, “चांगले आहेत. आता मला सांग, आत शिरल्यावर तुला काय जाणवलं?”

मी वाफेचं आणि जाळाचं सांगायला लागले.

“ते दिसलं तुला. जाणवलं काय?”

मला उत्तर सुचायला रात्र गेली. जाणवली होती ती शांतता. गुऱ्हाळघरात एरवी गलका असतो. उसाचा चरक चालू असतो, हाका चालू असतात, कुणीतरी कुणाला तरी चिपाडं आणायला पिटाळत असतं. पण गूळ व्हायच्या बेताला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहिलीवर वाकतो आणि सगळे बोलायचे थांबतात. काहील कधी उतरवायची हे तोच ठरवतो. थोडी लवकर उतरली तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. पुस्तकात ११६ ते १२० अंश सेल्सिअस असं तापमान दिलेलं असतं. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी होते का ते बघतो. शेतकऱ्याचा वर्षभराचा ऊस त्या दोन बोटांवर येऊन थांबलेला असतो. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, अंगावर शहारा आला होता, आणि माझ्या चारशे फोटोंत ते एकाही ठिकाणी नव्हतं.

पुन्हा गेले. दुसऱ्या खेपेला फोटो जवळपास काढलेच नाहीत, नुसती उभी राहिले. उजेड कुठून येतो, गुळव्या कुठे उभा राहतो, पाण्याचं भांडं कुठल्या हाताला ठेवतो, गोळी बघताना तोंड कुठे वळवतो, एवढंच पाहिलं. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. वाफेला स्वतःचा रंग नसतो. तिच्यामागून किंवा बाजूने उजेड आला आणि पाठीमागे काळोख असला तरच ती कॅमेऱ्याला दिसते. उजेड समोरून पडला तर ती नुसता धूसरपणा करून सगळा फोटो पांढरट करते. दाराचा उजेड गुळव्याच्या डाव्या बाजूने येत होता आणि त्याच्या मागची भिंत धुराने काळी झालेली होती. मी कुठे बसायचं ते त्या भिंतीनेच ठरवलं.

तिसऱ्या खेपेला वाइड लेन्स घरी ठेवली. पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स घेतली आणि काहिलीच्या कडेपासून हातभर अंतरावर गुडघे टेकून बसले. चेहरा भाजून निघत होता. गुळव्या वाकला, थेंब पाण्यात टाकला, हात वर आला. मी अकरा फोटो काढले. त्यांतल्या एकात गोळी दोन बोटांच्या मधोमध आहे, त्याची नजर गोळीवर आहे, आणि मागे, फोकसच्या बाहेर, काहील उतरवायला उभी असलेली चार माणसं त्याच्या हाताकडे बघताहेत. काहिलीची फक्त कड दिसते. जाळ अजिबात नाही. जाळ सोडताना जिवावर आलं, कारण तो खरोखर देखणा होता. पण तो चौकटीत असता तर बघणाऱ्याचे डोळे आधी तिकडे गेले असते आणि ती दोन बोटं कुणाच्या लक्षातच आली नसती. तो काटा होता, तो काढावा लागला.

तुमचे कासचे फोटो मी पाहिलेले नाहीत, पण अंदाज करू शकते. फुलं आहेत, ढग आहेत, समोर एक वाट आहे, सगळं आहे. तुम्हाला तिथे काय जाणवलं, ते मात्र फोटो बघणाऱ्याला शोधावं लागतं. डोळा आणि कॅमेरा यांत मोठा फरक आहे. आपण बघतो तेव्हा मन आपोआप निवड करतं. गर्दीत आपलं माणूस दिसलं की बाकीची गर्दी विरून जाते. कॅमेऱ्याला आपलं माणूस आणि मागचा विजेचा खांब सारखाच. वास, उकाडा, आवाज, पायाखालचा चिखल यांतलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या मनाने जे आपोआप केलं, ते कॅमेऱ्यासाठी तुम्हाला हाताने करावं लागतं. उभं कुठे राहायचं, काय आत घ्यायचं, काय उजेडात ठेवायचं, शटर कधी दाबायचं, हे सगळं त्यासाठीच.

या संदर्भात एक जुनी हकीकत मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीत हाफ डोम नावाचा प्रचंड ग्रॅनिटचा कडा आहे. १० एप्रिल १९२७ रोजी पंचवीस वर्षांचे अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स बर्फातून चढून त्या कड्यासमोरच्या एका उंच खडकावर पोचले. पाठीवर मोठा कॅमेरा आणि फोटो उमटतो त्या काचेच्या बारा प्लेट. वाटेत बऱ्याच वापरून झाल्या आणि कड्यासमोर उभे राहिले तेव्हा दोनच उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. रीतीप्रमाणे ते बरोबर होतं. आकाश जरा गडद येतं, ढग उठून दिसतात. प्लेट बंद करता करता त्यांना कळलं की यात कडा येईल, पण त्या कड्यासमोर उभं राहून छातीत जे दडपण जाणवतंय ते येणार नाही. मग त्यांनी शेवटच्या प्लेटसाठी गडद लाल फिल्टर लावला आणि एफ २२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, पाच सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, तेवढा वेळ प्लेटवर उजेड पडू दिला.

लाल काच काय करते, हे इथे समजून घ्या. आकाशातून येणारा प्रकाश मुख्यतः निळा असतो. पिवळी काच त्यातला काही भाग अडवते, गडद लाल काच जवळपास सगळा अडवते. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या फोटोत आकाश जवळजवळ काळं येतं. सावल्यांमध्येही आकाशाचाच निळा उजेड असतो, म्हणून त्याही काळ्या होतात. उन्हातला बर्फ मात्र पांढराच राहतो. त्या दुपारी योसेमिटीवरचं आकाश काळं मुळीच नव्हतं. पण कडा त्यांना तसा वाटला होता, आणि तो तसा यावा यासाठी कुठली काच लावायची, हे त्यांना ठाऊक होतं.

या गोष्टीतला मला भावणारा भाग म्हणजे त्यांनी पहिल्या प्लेटवर समाधान मानलं नाही हा. ती प्लेट चुकलेली नव्हती. एक्स्पोजर बरोबर, फोकस बरोबर. तुमचे फोटो आज त्या पहिल्या प्लेटच्या टप्प्यावर आहेत. तिथपर्यंत यायलाही मेहनत लागते, म्हणून निराश होऊ नका. फक्त हे ओळखा की हाताशी अजून एक प्लेट आहे, आणि ती वापरण्याआधी स्वतःला विचारायचं आहे, ‘मला हे कसं वाटतंय?’

त्यासाठी तंत्राशी थोडं वेगळं नातं जोडावं लागतं. एक साधं उदाहरण घ्या. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर जे समोर येईल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पंचगंगेवर म्हैस धुतात तिथे जा. फक्त म्हैस चौकटीत भरून फोटो काढा, ती करडी येईल. मग शुभ्र धोतर-सदऱ्यातल्या वारकऱ्यांचा जथा चौकटीत भरून काढा, तेही मळके, करडे येतील. कॅमेऱ्याला म्हैस माहीत नाही आणि वारकरीही माहीत नाही. म्हशीसाठी एक्स्पोजर एक पायरी कमी करा, म्हणजे निम्माच उजेड घ्या, वारकऱ्यांसाठी एक ते दीड पायरी वाढवा, रंग जागेवर येतात. हे बहुतेकांना शिकवलं जातं. याच्या पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: तुम्हाला ती म्हैस किती काळी हवी आहे? नुकतीच पाण्यातून बाहेर आलेली, पाठीवर उन्हाची चकाकी असलेली म्हैस हवी असेल तर एक काळा. संध्याकाळी परतणारी, नुसत्या आकाराने ओळखू येणारी हवी असेल तर वेगळा काळा. ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास शून्यापासून दहापर्यंत, निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची जी झोन सिस्टीम मांडली, तिचं सार हेच आहे. समोरची वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं. मीटर फक्त माहिती देतो.

दुसरी गोष्ट लेन्सची. झूम केल्याने दृश्याची मांडणी बदलते असा समज आहे. झूम फक्त कापतो. जवळची वस्तू किती मोठी आणि लांबची किती लहान दिसणार, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. म्हणून मी नवशिक्यांना पहिले काही महिने एकच लेन्स वापरायला सांगते. झूम हातात नसला की पाय हलतात आणि पाय हलले की नजर हलते.

आता नजर कशी घडवायची त्याबद्दल.

लांब जाणं काही दिवस बंद करा. घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडा. भाजी मंडई, एसटी स्टँड, नदीचा घाट, गिरणीचं दुकान, काहीही. तीन महिने तिथेच जा, वेगवेगळ्या वेळी जा. पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांना दिसतं तेच काढाल. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल, इथे काढण्यासारखं काही उरलं नाही असं वाटेल. तो कंटाळा फार महत्त्वाचा आहे, तेव्हा जागा बदलू नका. वरवरचं संपलं की मगच आतलं वर यायला लागतं. पहिल्या चार बादल्या गढूळच येतात.

कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी मनात एक वाक्य म्हणा. मराठीत म्हणा आणि त्यात क्रियापद असू द्या. ‘मंडई रंगीबेरंगी आहे’ या वाक्याचा फोटो होत नाही, झाला तर पोस्टकार्ड होतं. ‘कोथिंबिरीवर पाणी मारणाऱ्या बाईचा हात गिऱ्हाईकाशी बोलतानाही थांबत नाही’ या वाक्याचा फोटो होतो. कुठे उभं राहायचं, शटर किती ठेवायचं, हाताची हालचाल पुसट येऊ द्यायची की गोठवायची, हे सगळं त्या वाक्यातूनच कळत जातं.

हे मी वारीत शिकले. पाच वर्षं मी रिंगणातले घोडे काढत होते. सगळे फोटो बरे होते आणि सगळे आधीच कुणीतरी काढलेले होते. सहाव्या वर्षी, एका सकाळी पाऊस थांबल्यावर, दोन बायका ओलं लुगडं दोन टोकांना धरून चालता चालता वाळवताना दिसल्या. लुगड्यात वारा भरत होता, दोघी अभंग म्हणत होत्या, पाय थांबत नव्हते. माझ्या मनात वाक्य आलं, ‘इथे कपडे वाळायलाही कुणी थांबत नाही.’ त्यानंतर दोन तास मी त्यांच्याबरोबर चालले. आधी बोलले, कुठून आलात, किती वर्षं येता, हे विचारलं, फोटो काढू का विचारलं. वाऱ्याने लुगडं शिडासारखं फुगलं, त्याच्या आडून पलीकडच्या चालणाऱ्या माणसांच्या सावल्या दिसल्या, तेव्हा शटर दाबलं. त्या फोटोत पंढरपूर नाही, पालखी नाही, दिंडीची पताकाही नाही. तरी तो वारीचाच आहे, आणि माझा आहे.

अनुकरणाची लाज बाळगू नका. गाणारी मुलं वर्षानुवर्षं गुरूचीच बंदिश गुरूसारखी गातात. आवडणाऱ्या छायाचित्रकाराचा एक फोटो घ्या आणि त्याने उजेड कुठून घेतला, तो कुठे उभा होता, चौकटीच्या चारही कडांवर काय ठेवलं आणि काय तोडलं, हे कागदावर लिहून काढा. कडा नक्की बघा. नवशिका मध्यभागी बघतो, जाणकार आधी कडांवरून नजर फिरवतो.

आणि ज्यांचं काम बघाल त्यांच्यात आपल्याकडची माणसं असू द्या. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर १९१९ साली जालियनवाला बागेत गेले, तेव्हा १३ एप्रिलच्या हत्याकांडाला काही महिने उलटून गेले होते. घटना संपलेली होती. समोर रिकामी जागा आणि भिंती. त्यांनी भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. आज शंभर वर्षांनंतरही त्या भोकांकडे बघताना पोटात खड्डा पडतो. काय घडलं ते दाखवता येत नसेल तर काय उरलंय ते दाखवायचं, हा निर्णय डोक्यात आधी झाला असल्याशिवाय असे फोटो हाताला लागत नाहीत. आपल्या काळातले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर काळ्या-पांढऱ्या फोटोंतून वर्षानुवर्षं काम केलं. संदेश भंडारे तमाशाच्या फडांमागे गावोगाव हिंडले. दोघांचंही काम बघताना मला जाणवतं ते हे की समोरच्या माणसांना कॅमेऱ्याची सवय झालेली आहे. ती सवय एका दिवसात होत नाही. नजर म्हणतात त्यातला मोठा भाग नुसता वेळ असतो, आणि तो देण्याची तयारी ज्याच्याकडे आहे त्याला उपजत देणगीची फारशी गरज पडत नाही, असं माझं मत झालंय.

फोटो काढून झाल्यावर निवडायचं काम उरतं. माझ्या मते नजर सगळ्यांत जास्त तिथेच तयार होते. पडद्यावर निवडू नका. महिन्याच्या शेवटी पन्नास-साठ फोटो साध्या ४ बाय ६ च्या आकारात छापून घ्या. खर्च फार येत नाही. जमिनीवर पसरा आणि आजी ताटात तांदूळ निवडायची तसं निवडा. खडे आधी दिसतात, ते काढा. मग तुटके दाणे. फोकस चांगला आहे म्हणून ठेवलेला, फार चढून गेलो होतो म्हणून ठेवलेला, लोकांना आवडला म्हणून ठेवलेला, हे सगळे काढा. पाच-सहा उरले की भिंतीला लावा आणि आठवडाभर येता-जाता बघा. दोन गळून पडतील. उरलेल्यांत काहीतरी समान दिसायला लागेल. कुणाला हात दिसतील, कुणाला रिकाम्या जागा, कुणाला एकटी उभी माणसं. हे कुणी शिकवलेलं नसतं. तुम्ही नकळत पुन्हा पुन्हा ज्याच्याकडे वळता, ते तुमचं असतं. स्वतःला शोधायचं असेल तर त्या भिंतीवर शोधा.

आता शेवटचा प्रश्न, फसवणुकीचा.

मामांच्या डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून खाली पाडणाऱ्या यंत्राखाली, कागद ठेवला की मामा तळहात उजेडाच्या आड धरायचे आणि सारखा हलवत राहायचे. नवरीचा चेहरा सावलीत असेल तर तिथे कमी उजेड पडू द्यायचा, म्हणजे कागदावर चेहरा उजळ यायचा. मागचा मांडव डोळ्यांत भरत असेल तर तिथे जास्त उजेड द्यायचा, म्हणजे तो दबायचा. हात हलता ठेवायचा, नाहीतर कडा उमटते. हे मी पहिल्या दिवसापासून बघत आले. मामांच्या लेखी फोटो अर्धा कॅमेऱ्यात व्हायचा आणि अर्धा तिथे.

ॲडम्स यांचंच पुन्हा बघा. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून गाडीने जाताना त्यांना उगवता चंद्र आणि खाली मावळत्या उन्हात चमकणारे दफनभूमीतले पांढरे क्रॉस दिसले. गाडी थांबवून घाईघाईत कॅमेरा लावला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कँडल असते हे त्यांना पाठ होतं, त्यावरून हिशेब करून त्यांनी एफ ३२ वर एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. दुसऱ्या फोटोसाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रॉसवरचं ऊन निघून गेलं होतं. एकच निगेटिव्ह. पण त्यावरून त्यांनी पुढच्या दशकांत हजाराहून जास्त प्रती छापल्या आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत. सुरुवातीच्या प्रतींत वरच्या आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरच्या प्रतींत ते आकाश जवळपास काळं होत गेलं. ते तरुणपणी पियानो शिकलेले होते. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता आणि प्रिंट म्हणजे प्रत्यक्ष वादन, असं ते सांगत. आपल्याकडे तर हे समजावूनच सांगायला नको, एकच बंदिश एकच गायक दोन मैफलींत दोन तऱ्हांनी गातो.

शिवाय कॅमेऱ्यातून थेट येणारी जेपेग फाइलही कोरी नसते. रंग किती गडद, कडा किती धारदार, हे कुणीतरी कारखान्यात बसून ठरवलेलं असतं. तो निर्णय तुम्ही स्वतः घेतलात तर त्यात पाप नाही. बातमीच्या किंवा माणसांच्या जगण्याच्या फोटोत नसलेली वस्तू घालणं आणि असलेली पुसणं मात्र मी करत नाही, ती माझ्या लेखी फसवणूक आहे. चंद्र नव्हता तर नव्हता. विजेची तार नको असेल तर दोन पावलं सरकायचं.

पण उजेड आणि रंग बदलायची मुभा आहे म्हणून ते कसेही बदलावेत असंही नाही. हे मला त्या गुळव्याने शिकवलं.

दोन बोटांतल्या गोळीचा तो फोटो मासिकात छापून आला. मी एक मोठी प्रिंट काढून त्याला द्यायला गेले. प्रिंट करताना मी रंग ऊबदार केले होते, पिवळा वाढवला होता, त्यामुळे गोळी मधासारखी सोनेरी दिसत होती. सगळ्यांना तोच रंग आवडला होता, मलाही. त्याने हात पुसले, प्रिंट दोन्ही हातांत धरली, दाराशी उजेडात नेली आणि बराच वेळ बघितली.

“फोटू झ्याक आलाय, ताई,” तो म्हणाला. “पन ही गोळी कच्ची दिसतिया. असल्या रंगावर मी काहील उतरवत न्हाई.”

मी घरी येऊन मूळ फाइल उघडली. पिवळा कमी केला, गोळी अर्ध्या पायरीने गडद केली. आता खात्री वाटेना, म्हणून आणखी एक प्रत काढली, अजून अर्धी पायरी गडद. पुढच्या आठवड्यात दोन्ही घेऊन गेले. काहिलीत नवा रस नुकताच ओतलेला होता, त्यामुळे त्याला सवड होती. त्याने दोन्ही प्रिंट दाराच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. जास्त गडद प्रिंट माझ्या हातात परत दिली. “ही करपली.” दुसरी थोडी जवळ नेली, थोडी लांब नेली, आणि मान हलवली.

“हं. आता उतरवायला हरकत न्हाई.”